हो, घड्याळ मीच फेकलं

गुरुवार, २२ मे
दुपारी, दुकानातून

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, तुम्हीही मजेत असाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आता खरं लिहितो. आईचा गुडघा दुखतोय, बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलतात, आणि मी तुझ्यावर इतका चिडलोय की सकाळपासून फ्रेमच्या काचा चुकीच्या मापाने कापतोय.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'अगं ऐक' म्हणेपर्यंत तुझं रडून झालेलं असतं. मेसेज केला तर तो तू भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवतेस, मग ते 'हं' म्हणतात, आणि ते 'हं' मला इथे बसून ऐकू येतं. पत्र तरी एकटी वाचशील. स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाच हवं तर, पण पूर्ण वाच.

परवा फोनवर तू सांगितलंस की रविवारी भाऊजी येणार आणि तुमच्या भिंगरीला उरलेल्या सुट्टीसाठी त्या निवासी अभ्यासवर्गात नेऊन टाकणार. पहाटे उठायचं, दिवसभर गणित आणि वाचन, संध्याकाळी चाचणी, आईबापांशी बोलायचं ते फक्त रविवारी. नऊ वर्षांची पोर आहे ती! तिने काय कुणाचा खून केलाय? आणि हे ठरलं कशावरून, तर आईने तुला कळवलं की 'तुझ्या भावाने वाचनवर्गात तमाशा केला.'

तमाशा मी केला आणि शिक्षा तिला. वा रे न्याय!

आधी पहिल्यापासून सांगतो, कारण आईने तुला मधलंच सांगितलंय. तू तिला इथे सोडलंस तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि अभ्यासाची पुस्तकं जास्त. रोज इतकी पानं वाचनाची, इतकी गणिताची, आणि संध्याकाळी मी त्यांचे फोटो काढून तुला पाठवायचे. मला काय म्हणालीस आठवतंय? 'तू तसाही रिकामाच असतोस, तेवढं बघ.' रिकामा! दिवसभर पट्ट्या कापतो, कोपरे जोडतो, लोकांच्या मेलेल्या आजोबांच्या फोटोंवरची धूळ पुसतो, आणि मी रिकामा!

शाळेने धाक घातलाय हे मला मान्य आहे. सुट्टी संपली की पहिल्याच आठवड्यात वाचन-गणिताची चाचणी, आणि ज्यांचं सुट्टीत विसरलं त्यांना वेगळ्या तुकडीत बसवणार. तुझी झोप उडाली असेल. पण तू तुझ्या पोरीकडे नीट बघितलंस का गं अलीकडे?

गेल्या सुट्टीत हीच मुलगी दिसेल ते मोठ्याने वाचायची. दुकानांच्या पाट्या, साबणाचा कागद, बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरच्या सूचना. आई म्हणायची, 'अगं बाई, जरा श्वास घे.' यंदा ओठ मिटून वाचते. नुसते डोळे फिरतात. मी म्हटलं, 'वाच की मोठ्याने, पैसे पडतात का?' तर म्हणाली, 'मनातल्या मनात वाचलं ना मामा, की चुकलेलं कुणाला कळत नाही.'

माझ्या अंगाची आग झाली. मी ती सगळी पुस्तकं उचलली आणि कपाटावर ठेवून दिली. आठवडाभर तुला फोटो आले नाहीत ते त्यामुळे. नेट गेलं होतं ही थाप होती. आठवडाभर आम्ही पोहलो, पत्ते कुटले, दुकानातल्या भुश्श्यात लोळलो. आणि त्याचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर म्हणशील हा एकच बाजू सांगतो. सातचा पाढा गेला. साफ गेला. सात चोक अठ्ठावीसनंतर ती छताकडे बघायला लागली, जणू पुढचं तिथे लिहिलंय. वाचायला दिलं तर एकाच ओळीवरून बोट दोनदा फिरायचं. मी कुणाला बोललो नाही, पण टरकलो.

म्हणून तिला वाचनालयाच्या माडीवर सुट्टीचा वर्ग चालतो, तिथे घातलं. सकाळचा थोडाच वेळ असतो. शिकवणारी बाई म्हणजे खरं तर बाई नाहीच, माझ्याएवढीच आहे, शिक्षिका व्हायचं शिक्षण घेतेय. हे इथे सांगायचं तसं काही कारण नाही. मी भिंगरीला पोचवायचो आणि वर्ग सुटेपर्यंत खाली पेपर वाचत बसायचो, कारण उगाच दोन खेपा कशाला. आई म्हणते त्या कारणासाठी नाही. इस्त्रीचा शर्टसुद्धा त्या कारणासाठी नाही. माणसाने कधी इस्त्रीचा शर्ट घालू नये का?

तर सोमवार. बाईंनी मुलांना एकेक करून उभं केलं आणि वाचायला लावलं. हातात शर्यतीत असतं ना, तसं घड्याळ. मिनिटभरात कोण किती वाचतं ते बघायचं. मी दारात उभा होतो. (दारात का, ते विचारू नकोस.) बाकीची पोरं धावत सुटल्यासारखी वाचत होती, खिदळत होती. भिंगरीची पाळी आली. एक ओळ वाचली, मग तिची नजर त्या घड्याळावर गेली आणि आवाजच बंद. नुसती उभी. मग तळहात फ्रॉकला पुसायला लागली. पुसले. परत पुसले. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

पुढचं मी ठरवून केलं नाही. आत गेलो, बाईंच्या हातातून घड्याळ काढून घेतलं आणि खिडकीतून भिरकावलं. शेजारच्या पत्र्यावर ते धाडकन पडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. आणि ती, ज्या मुलीशी नीट दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून मी इतके दिवस शब्द जुळवत होतो, ती शांतपणे म्हणाली, "झालं? आता जा आणि घेऊन या."

गेलो. पत्र्यावर चढलो. खालून एक काका ओरडले, "ए, पतंग काढतोस का रे?" घड्याळाची काच तडकली होती, पण आतले आकडे पळतच होते. मेलं थांबेना.

वर्ग सुटल्यावर मी माफी मागायला गेलो, तर उलट माझीच उलटतपासणी.

"तुम्हाला वाटलं मी शर्यत लावलीय?"

"मग काय लावलं होतं?"

"मुलं कुठे अडखळतात ते बघत होते. बाकीच्यांना घड्याळाची मजा वाटते. हिला वाटत नाही हे मला आधी कळायला हवं होतं, तेवढी चूक माझी. पण तुम्ही आठवडाभर तिचं पुस्तकच बंद ठेवलंत, ते कुणाला विचारून?"

"सुट्टी आहे तिला!"

"सुट्टी आहे म्हणून दात घासायचे बंद केलेत का?"

मला गप्प करणारी माणसं जगात कमी आहेत, ताई, तू सोडून.

"घरी तिला मोठ्याने वाचून कोण दाखवतं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. तिला वाचता येतं की."

"तिथेच तर सगळे थांबतात. तुम्ही वाचा. चुका. तिला तुमच्या चुका काढू द्या. रोज थोडंच, पण रोज. पाढेही असेच, बोलता बोलता, काम करता करता. आणि उद्यापासून वर्गात मागे बसायचं, तोंड बंद ठेवून. मुलांना कळू दे की मोठी माणसंही बसतात."

म्हणून गेले तीन दिवस मी त्या चिमुकल्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसतोय. पोरं मला 'मामा' म्हणतात. इथपर्यंत ठीक. पण तीही म्हणते! 'मामा, खिडकी लावा. मामा, जरा खडू द्या.' ताई, मला कॉलेजात, घरात, बाजारात लोक काय काय बोलले आहेत, पण एवढा अपमान कुणी केलेला नाही. आईला यातलं अक्षरही सांगू नकोस.

पण तिने सांगितलं ते मी करतोय. जेवणाआधी भिंगरीला वाचून दाखवतो. मुद्दाम चुकायचं ठरवलं होतं, मुद्दाम काही करावं लागलं नाही. परवा मी अख्खी ओळ गाळली, तर "मामा, ओळ खाल्लीस!" म्हणून तिने पुस्तक ओढून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. मोठ्याने. आत आईचा झारा कढईवर थांबला, मला ऐकू आलं.

एवढं लिहून मघाशी पाकीट बंद करणार होतो. काल दुकानात जे झालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण ते लिहिलं नाही तर तू म्हणशील, एवढं काय चिडायचं.

काल दुपारी भिंगरी दुकानात होती. एका गिऱ्हाइकाचा फोटो फ्रेम करायचा होता, भोवती माउंटची, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याची, कड सोडून. बाबांनी तिला माप काढायला बसवलं. फोटोच्या लांबीत माउंट मिळवायचा तो दोन्ही बाजूंचा. तिने एकाच बाजूचा मिळवला. आमच्या धंद्यात नवा माणूस हमखास इथेच फसतो, मीही फसलोय. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबांनी डोळ्यांनी दटावलं आणि तिच्याच मापाने पट्टी कापून दिली. जोडून ठेवली तर एका बाजूला पांढरी कड, दुसऱ्या बाजूला फोटो थेट लाकडाला भिडलेला.

ती बघत राहिली. तळहात फ्रॉकला पुसले. आणि बाबांना म्हणाली, "आजोबा, आता मी मामासारखी होणार?"

बाबांच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. "असं कोण म्हणतं?"

"आई. चुकलं की म्हणते. अभ्यास केला नाहीस तर मामासारखी होशील."

अगदी सहज सांगितलं गं. बाहेर ऊन आहे म्हणावं इतकं सहज. मी समोर करवत घेऊन उभा. मग माझ्याकडे वळली आणि काळजीने विचारलं, "मामा, तुझं काय चुकलं होतं?"

तू, ताई? माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतलीस ती तू. मी शाळेत रडायचो तेव्हा मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर येऊन उभी राहायचीस ती तू. मला तोंडावर काहीही म्हण. बिनकामाचा म्हण, माथेफिरू म्हण, आजवर म्हणालीच आहेस. पण तुझ्या पोरीला घाबरवायला तू माझा बागुलबुवा केलास! ती इथे येते, माझ्या गळ्यात पडते, माझ्या ताटातलं खाते, आणि मनात धरून असते की असं व्हायचं नाही. मी लहान मुलांना दाखवायची भीती आहे का गं?

काय चुकलं होतं ते ऐक आता. तिला नाही सांगितलं, तुला सांगतो. दीड वर्षापूर्वी कॉलेज सोडलं तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटलो की शिकवणारे भंपक आहेत. होतेच भंपक. पण मी त्यांच्यापायी नाही सोडलं. परीक्षेत पेपर समोर आला, पहिला प्रश्न मला येत होता, आणि माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. हात ओले झाले. पेन धरवेना. पुसले, परत ओले. कोरा पेपर देऊन बाहेर आलो. पुढच्या पेपरला फाटकापर्यंत गेलो. त्याच्या पुढच्याला खोलीतून निघालोच नाही. सगळं येत होतं, ताई. भंपक लोकांनी शिकवलेलंही येत होतं. घरी येऊन भांडण काढणं सोपं होतं, म्हणून भांडण काढलं.

म्हणून सोमवारी तिला तळहात पुसताना बघितलं आणि घड्याळ फेकलं. त्या बाईवर राग नव्हता. तिच्यावर मला राग येऊच शकत नाही, हा वेगळाच त्रास आहे.

भिंगरीला मी एवढंच म्हणालो, "मला उत्तर येत होतं गं, लिहिलंच नाही." तिने विचार केला आणि म्हणाली, "मग ते चुकलं नाही. राहिलं."

बाबा नवी पट्टी काढत होते. आमच्याकडे न बघता तिला म्हणाले, "मामासारखी म्हणजे काय? मामाने जोडलेल्या कोपऱ्यात फट बघितलीस कधी?" दीड वर्षात माझ्याबद्दल एक बरा शब्द निघाला, तोही माझ्याशी नाही. मग ती 'दोन्ही बाजूंचा, दोन्ही बाजूंचा' असं पुटपुटत पुन्हा माप काढायला बसली.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. तू प्रत्येक वर्षी पहिली यायचीस आणि तुझी पदवी आता कपाटात कपड्यांखाली आहे. पोरीचं तसं होऊ नये म्हणून तू जिवाचं रान करतेस. पण भीती तुझी आणि हात ओले होतात तिचे, हा कुठला हिशोब? तिला त्या वर्गात पाठवू नकोस. तिथे प्रत्येक भिंतीवर घड्याळ असेल, आणि फेकायला मामा नसेल. शाळा उघडेपर्यंत तिला इथे राहू दे. रोज वाचेल, रोज मापं काढेल, तुला हवे तर फोटोही पाठवीन.

पत्र शेजारच्या कुरिअरवाल्याकडे देतोय. शनिवारी मिळेल. रविवारी भाऊजी आले तर मी दार उघडीन, पाणी देईन. तिची बॅग मात्र भरणार नाही, आईलाही भरू देणार नाही.

ज्याच्यासारखं होऊ नये तो,
तुझा भाऊ


रविवार, २५ मे
संध्याकाळी

ताई,

भाऊजी आत्ताच गेले. एकटेच गेले. हे ते तुला सांगतीलच, पण चार शब्दांत सांगतील, म्हणून लिहितो.

आल्या आल्या विचारलं, "बॅग झाली?" आईने चहा पुढे केला. मी दातावर दात ठेवून बसलो होतो, मागच्या बाकाची सवय झालीय आता. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "चल, तेराचा म्हण." प्रेमानेच म्हणाले. त्यांचं प्रेम असंच असतं, परीक्षा घेतल्यासारखं.

तेरा सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत गाडी नीट आली. तेरा साते… थांबली. भाऊजींनी मनगट वळवून घड्याळात बघितलं. परतीच्या बससाठी असेल, पण तिने ते बघितलं.

"भाऊजी, घड्याळ काढून ठेवा," मी म्हणालो.

"काय?"

"काढून ठेवा म्हणतो."

"झालं, सुरू झाला हा," आई म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे. याआधी त्यांनी कधी तिच्या हातांकडे बघितलं होतं की नाही देव जाणे. आणि त्यांनी काढलं, ताई! पट्टा सोडला आणि टेबलावर उपडं ठेवलं. मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती, म्हणून मला जरा रागच आला.

तिने हात पुसले, पण एकदाच. मग मोठ्याने सुरू केलं. "दहा साते सत्तर. तीन साते एकवीस. सत्तर आणि एकवीस… थांबा हं… एक्क्याण्णव. तेरा साते एक्क्याण्णव."

"पाठ नव्हतं?"

"नव्हतं. करून काढलं."

"कुणी शिकवलं, मामाने?"

"नाही, टीचरने. मामा नुसता ओरडतो आणि ओळी खातो."

भाऊजी हसले. हसले की बरे दिसतात, तुला माहीत असेलच. मग त्यांनी तिला उरलेला पाढा म्हणायला लावला नाही. पुस्तक आणायला सांगितलं आणि वाचून दाखव म्हणाले, तर ती म्हणाली, "आधी तुम्ही वाचा बाबा, मी चुका काढते." त्यांनी वाचलं. फार चुकले. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

निघताना चप्पल घालत मला विचारलं, "काल तुझं पत्र आलं तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. काय लिहिलंस एवढं?" म्हणजे या वेळी वाचून दाखवलं नाहीस. मी म्हटलं, "तिलाच विचारा." त्यांनी दुसरी चप्पल घातली. मग म्हणाले, "वर्गाला मी नाही म्हणून कळवतो. पण चाचणीत पडली तर मी तुला सोडणार नाही." मी म्हणालो, "नका सोडू."

तर झालं माझ्या मनासारखं. आता मी खूश असायला हवं. नाहीये. ते गेल्यावर भिंगरी बराच वेळ दारात उभी होती. मग मला म्हणाली, "आई का नाही आली? मला रागावलीय?" आणि मला पुन्हा तुझा असा राग आला की मी दुकानात जाऊन उगाच फळ्या आवरल्या.

ऐक, ताई. ते वाक्य तू तिला दिलंस, ते तूच परत घ्यायला हवं. मी दहा वेळा सांगितलं की तसं काही नसतं, तरी तिला वाटणार, मामा आपलीच बाजू सांभाळतोय. बाबांनी सांगितलं ते तिला आवडलं, पण ते आजोबा आहेत, आई नाहीत. शाळा उघडायच्या आत एकदा ये. मला तिच्यासमोर खुशाल झाप, पत्रात आवाज चढवला म्हणून झाप, घड्याळाचे पैसे भर म्हण. टीचरने ते दुरुस्त करून घेतलंय आणि माझ्याकडे मागितलं काही नाही, उलट काल विचारत होती की बाहेरून परीक्षा देता येते ते मला माहीत आहे का. मी म्हटलं, बघू. तिने 'बघा, मामा' म्हटलं. असो.

चाचणी भिंगरीला जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही. सातचा पाढा परत आलाय. वाचताना अजून काही ठिकाणी बोट थांबतं. पण थांबलं तर आता आवाज थांबत नाही, 'हे कळलं नाही' असं मोठ्याने म्हणते. मला ते कधी जमलं नव्हतं.

ये. भाऊजींना घेऊन ये नाहीतर एकटी ये. 'ती वाट बघतेय' असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं. तिचं ती सांगेल. मी वाट बघतोय.

अजून रागावलेला, आणि तरी तुझाच,
धाकटा